उलटा खडू

आप्पांच्या हॉलमध्ये नियमांची पाटी कधीच नव्हती. एकदा एक रंगारी हौसेने विचारायला आला होता, तेव्हा आप्पांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "पाट्या वाचायला माणसं इथे येतात होय?" आणि चहा संपल्यावर परत पाठवलं.

तळघरात पूल खेळायची चार टेबलं होती. रस्त्याच्या पातळीला एक लांबट खिडकी होती आणि तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. आप्पांची धाकटी मुलगी लहानपणी त्या खिडकीखाली बसून पायांवरून माणसं ओळखायची. शेजारच्या भिंतीपलीकडे छापखाना होता. त्याचं मशीन सुरू झालं की टेबलावरचे बॉल जागच्या जागी बारीक थरथरायचे आणि शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू यायचं नाही. आप्पांच्या खडूच्या विचित्र रिवाजाचं मूळ या मशीनमध्येच होतं.

खेळ नऊ बॉलांचा. टेबलावर जो सर्वांत लहान आकड्याचा बॉल असेल त्याला पांढरा बॉल आधी लागला पाहिजे. लागल्यावर एखादा बॉल पॉकेटात जावा, नाही तर निदान एकाने तरी कुशन, म्हणजे टेबलाची आतली रबरी कड, गाठावी. यातलं काही चुकलं की फाउल, मग समोरचा पांढरा उचलून हवा तिथे ठेवून खेळणार. आणि ओळीने तीन फाउल झाले की सगळा डावच गेला. फक्त दुसऱ्या फाउलनंतर समोरच्याने बजावलं पाहिजे की तुझे दोन झाले. बजावलं नाही तर तिसरा धरायचा नाही.

या बजावण्यावरून हॉलमध्ये रोज तोंडं वाजायची. एक म्हणायचा सांगितलं, दुसरा म्हणायचा ऐकू आलं नाही, आणि मशीन तर चालूच. शेवटी आप्पांनी निकाल दिला. नुसतं तोंडी सांगणं बंद. ज्याला बजावायचं असेल त्याने डबीतून दुसरा खडू काढायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांपुढे, टेबलाच्या लाकडी कडेवर उलटा ठेवायचा, निळं तोंड खाली. काठीच्या टोकाला लावायचा रोजचा खडू नेहमी सुलटा असतो, त्यामुळे घोटाळा नको. उलटा खडू दिसला म्हणजे बजावलं, नाही दिसला म्हणजे नाही बजावलं. खेळाडूने नीट फटका मारला की त्यानेच तो उचलून डबीत टाकायचा. लाकडावर निळा चौकोन उमटायचा, तो दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल झाडताना पुसला जायचा.

आप्पा गेले, छापखाना बंद पडून तिथे पार्सलांचं गोदाम आलं, मशीनचा आवाज थांबून तीसएक वर्षं झाली. खडू मात्र उलटाच ठेवला जात राहिला.

हॉल आता आप्पांची थोरली, अक्का, चालवायची. वरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची, नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. धाकटी दोन गल्ल्या पलीकडे, चष्म्याच्या दुकानातली नोकरी संपवून घरी बसलेली. घरी बसलेली म्हणजे दुपारी तीनपासून हॉलमध्ये बसलेली. दर रविवारी दुपारी बहिणींचा सामना व्हायचा, पाच डाव जो आधी जिंकेल त्याचा. आप्पा गेल्याच्या वर्षापासून यात खंड नव्हता. अंपायर म्हणून निवृत्त पोस्टमन. तो फळ्यावर डाव मांडायचा आणि मधल्या वेळात कप धुऊन ठेवायचा.

अक्काचा खेळ धावता. बॉल दिसला की घातलाच. धाकटीचा खेळ निराळा. हॉलमध्ये तिला मुंगी म्हणत, ते तिच्या चालीवरून. घालण्याजोगा बॉल नसेल तर ती पांढरा हळूच दोन बॉलांच्या मागे नेऊन झाकून ठेवायची, म्हणजे समोरच्याला हवा तो बॉल सरळ दिसतच नसे. मग तो बिचारा कुशनवरून वळसे घेणार, चुकणार, फाउल करणार. "तुझ्याशी खेळणं म्हणजे कुलूपबंद घरात किल्ली शोधणं," असं अक्का म्हणायची. पण हे झाकणं शिकवलं होतं अक्कानेच. धाकटी दहा वर्षांची असताना तिला स्टुलावर उभं करून, मागून दोन्ही कोपर धरून.

त्या शनिवारी अक्काचा मुलगा आला. जिन्यातच त्याने मावशीला गाठलं.

"पातेलं जळून भोक पडलं, हे तू मला का नाही कळवलंस?"

"तुला कोणी सांगितलं?"

"समोरच्यांनी. धूर बघून तेच वर गेले होते. आणि हॉलला कुलूप लावून एका माणसाला आत कोंडलं, तेही तेच म्हणाले."

"तो तिथे झोपला होता," धाकटी म्हणाली. "कोंडायच्याच लायकीचा आहे तो."

भाचा हसला नाही. लहानपणी हसरा होता. आता पूल तपासायचं काम करतो, नदीवरचे खरे पूल. कुठे भेग दिसली की हातोडीने ठोकून बघायची सवय लागलेली. "मावशी, मी सोमवारी सकाळच्या बसची दोन तिकिटं काढलीत," तो म्हणाला. "एक परतही करता येईल. उद्याचा तुमचा सामना मी बघणार आहे. तिला नियम, पाळी, फाउल सगळं ध्यानात राहिलं, तर मी गप्प एकटा जाईन. आणि नाही राहिलं तर तू आड यायचं नाहीस."

धाकटीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

तिने रात्रभर विचार केला, असं नव्हे. विचार करण्यासारखं काही नव्हतंच. अक्का गेली तर रविवार उरणार नाही, आणि रविवार नसेल तर बाकीच्या सहा दिवसांचं तिला काही करायचं नव्हतं. आणि अक्काचं? नव्या शहरात, चौथ्या मजल्यावर, सुनेच्या स्वयंपाकघरात अक्का. 

रविवारी दुपारी भाचा खिडकीखालच्या बाकावर बसला. पोस्टमनने फळा पुसला. अक्काने फोडीचा फटका असा मारला की दोन बॉल एकदम पॉकेटात गेले.

"हात बघ आईचा," पोस्टमन भाच्याला म्हणाला.

"हाताचं मी काही म्हणतच नाही," भाचा म्हणाला.

धाकटीने ठरवलं होतं की आज झाकायचं नाही. सरळ खेळायचं, बॉल मोकळे ठेवायचे, अक्काला धावू द्यायचं. फाउलच झाले नाहीत तर मोजायची वेळच येणार नाही. दोन डाव तसे गेले. तिसऱ्या डावात तिने पांढरा बॉल इतका उघड्यावर सोडला की अक्का काठी टेकून उभी राहिली.

"काय गं, ताप आहे का तुला?"

"नाही तर."

"मग हे काय? लहान मुलीला जिंकवतेस होय? असले उपकार पायपुसण्यावर झटकून आत येत जा."

पोस्टमन खोकला. भाचा धाकटीकडे बघत होता. तिला वाटलं, हातोडी आता आपल्यावर पडतेय. त्यानंतर तिला नेहमीसारखं खेळावंच लागलं, आणि एकदा नेहमीसारखं खेळायला लागल्यावर हात आपले आपण चालले. सहाव्या डावापर्यंत तीन-तीन, मग चार-तीन, मग चार-चार. नववा डाव शेवटचा.

त्या डावात तीन आकड्याचा बॉल कुशनपाशी सातच्या बॉलाला चिकटून बसला होता. घालायची सोयच नाही. धाकटीने पांढरा हळूच सरकवून आठच्या मागे झाकला. अक्काने समोरच्या कुशनवरून वळसा घेतला, तो बोटभर चुकला. एक फाउल.

पांढरा धाकटीच्या हातात आला, पण तीन अजून तसाच चिकटलेला. तिने पुन्हा झाकला. या वेळी अक्काने काय वळसा घेतला म्हणून सांगू. दोन कुशनं करून पांढरा बरोबर तीनवर आला. पण इतका अलगद, की लागल्यावर एकाही बॉलाने कुशन गाठलं नाही. तीन आणि सात जरासे सुटे झाले आणि थांबले.

"लागला," अक्का म्हणाली.

"लागला, पण कुशन नाही," धाकटी म्हणाली.

अक्काने वाकून बघितलं. "खरंय. फाउल."

धाकटीचा हात डबीकडे गेला. डोक्याला विचारायला तो थांबलाच नाही. पन्नास वर्षांची सवय. खडू अक्कासमोर कडेवर उलटा टेकवला गेला, आणि तोंडाने ती म्हणाली, "दोन."

"बघितलं," अक्का म्हणाली.

भाच्याचा फोन पहिल्या फाउलनंतरच वाजला होता आणि तो जिन्यात गेला होता. पोस्टमन कप विसळायला मोरीवर गेला होता. अक्का खिडकीपाशी जाऊन तांब्यातलं पाणी प्यायली, बाहेरचे पाय बघत जरा उभी राहिली. तोवर धाकटीने आपला फटका मारला. पांढरा पुन्हा झाकला गेला, नाइलाजाने, कारण तीनला अजून सरळ वाट नव्हती आणि मुद्दाम उघड्यावर सोडला असता तर अक्काने ते चालू दिलं नसतं. भाचा फोन खिशात टाकत परत बाकावर येऊन बसला.

अक्का टेबलाच्या दुसऱ्या बाजूने आली. तिने टेबलावरून नजर फिरवली, आणि धाकटीला दिसलं की त्या नजरेत काहीतरी शोधणं आहे, खोलीत येऊन कशासाठी आलो ते विसरलेल्या माणसासारखं.

"माझी पाळी ना?"

"हो."

"एकच फाउल झालाय ना माझा?"

ती हे नेहमीच्या आवाजात म्हणाली. भाच्याने मान वर केली.

खडू टेबलाच्या या टोकाला, धाकटीच्या हाताशी होता. अक्का अजून त्या टोकाला, नजर बॉलांवर. एक पाऊल टाकायचं आणि हात फिरवायचा, एवढंच. धाकटीने ते केलं. खडू तिच्या मुठीत आला.

"हो," ती म्हणाली. "एकच."

तिने मनात हिशेब केला होता. आता अक्का चुकली तरी कडेवर खडू नाही, म्हणजे बजावलेलं नाही, म्हणजे तिसरा धरायचा नाही. आप्पांचाच नियम. भाच्याने दोन झालेले पाहिलेच नव्हते. पोस्टमन मोरीवर. आणि अक्काला आठवत नाही. कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

अक्का वाकली. वळसा घेतला. पांढरा तीनच्या बाजूने केसभर अंतराने निघून गेला.

"च्च," अक्का म्हणाली. "आता दोन झाले. ठेव खडू."

धाकटी डबीकडे वळली. मूठ तशीच होती, म्हणून तिने डाव्या हाताने डबी उघडायचा प्रयत्न केला. झाकण घट्ट होतं. अक्का काठी टेकवायला कडेपाशी आली आणि थांबली. तिने कडेवर बोट ठेवलं. बोट निळं झालं.

"हे काय आहे?"

"कालचं असेल."

"कालचं कसं असेल? रोज सकाळी मी हॉल झाडते आणि कड पुसते. आज पुसल्याचं आठवत नाही मला. पण फडकं ओलं आहे, खुर्चीवर वाळत घातलंय. म्हणजे पुसलंय." ती सावकाश बोलत होती, बॉलांचे कोन जुळवताना बोलते तशी. "म्हणजे हा चौकोन आत्ताचा. म्हणजे इथे खडू होता. मूठ उघड बघू."

"अक्का, सोड ना."

"उघड."

धाकटीने मूठ उघडली. घामाने खडू ओला होऊन तळहातभर निळं पसरलं होतं.

पोस्टमन हातात कप घेऊन मोरीच्या दारात उभा होता. तो तसाच परत आत गेला.

"तू मला बजावलं होतंस," अक्का म्हणाली.

"हो."

"आणि मग उचललास."

 अक्का चिडली असती तर तिला बरं वाटलं असतं. लहानपणी अक्का चिडली की वेणी ओढायची आणि प्रकरण तिथे मिटायचं. पण अक्का टेबलाच्या कडेवर बसली, जे ती कुणाला कधी करू द्यायची नाही.

"मी विसरते, हे मला ठाऊक नाही असं वाटलं तुला?" ती म्हणाली. "वर ये एकदा आणि बघ. गॅसच्या बटणाला लाल दोरी बांधलीय, ती सोडली की गळ्यात घालायची, म्हणजे गॅस चालू आहे हे गळ्याला कळतं. किल्ली हातातून ठेवायचीच नाही, कमरेला. औषधं खाल्ली की डबी उलटी. आप्पांकडूनच घेतलंय ते. डोक्यात राहत नाही ना, मग बाहेर ठेवायचं. मी या कडेवर बघते आणि मला कळतं मी कुठे आहे. तू खडूच उचललास तर मी कशावर विश्वास ठेवायचा?"

"तुला न्यायला आलाय तो," धाकटी म्हणाली.  "आज चुकलीस तर नेणार आहे."

"माहीत आहे. जिन्यात बोलत होतात. विसरते मी, बहिरी नाही झाले."

भाचा उठून जवळ आला. आईच्या शेजारी, पण टेबलाला न टेकता उभा राहिला. थोडा वेळ तो कडेवरच्या निळ्या चौकोनाकडे बघत होता.

"आई, दोरी बांधायची विसरलीस तर?"

"मग ही आहे." अक्काने धाकटीकडे हनुवटी केली.

"मी आजच येते राहायला," धाकटी घाईने म्हणाली. "माझं सामान ते काय, दोन पेट्या. मी सांगत जाईन तिला सगळं."

भाचा तिच्या हाताकडे बघत होता. तिने हात पाठीमागे घेतला, पण तोवर उशीर झाला होता.

"मावशी," तो म्हणाला, आणि तो हळू बोलला म्हणूनच ते जास्त लागलं, "तूच तर उचललास ना तो?"

बाहेर खिडकीवरून कुणाचे तरी पाय गेले, मागोमाग आणखी दोन. धाकटीने मान खाली घातली. तो खोटं बोलत नव्हता. उद्या गॅस चालू राहिला, किल्ली हरवली, औषध दोनदा घेतलं गेलं, तर ती हेच करणार होती. झाकणार होती. ज्या चलाखीने पांढरा आठच्या मागे जायचा त्याच चलाखीने. समोरच्याला दिसू नये म्हणून झाकणं तिला उत्तम येत होतं, आणि समोर भाचा आहे की अक्काच, याचा फरक आता तिच्या हाताला राहिला नव्हता.

"डाव तुझा," अक्का उठत म्हणाली. "तीन झाले माझे, बजावून झाले. पोस्टमन, बाहेर या, फळ्यावर लिहा. मुंगीचे पाच."

"मी नाही घेणार."

"घ्यावाच लागेल. आप्पांच्या हॉलमध्ये खडू ठेवला की ठेवला. उचलणाऱ्याचा नियम आप्पांनी केला नाही. त्यांना वाटलं नसेल कुणी उचलेल म्हणून."

मग तिने काठी भिंतीवरच्या चौकटीत ठेवली, खुर्चीवरचं फडकं घेतलं आणि कड पुसायला लागली. पुसता पुसता, मुलाकडे न बघता तिने विचारलं, "सोमवारी बस किती वाजता?"

"दहाला. पण आई, मी अजून काही म्हटलं नाही."

"मी म्हणतेय. तू ठोकून बघतोस, भेग असेल तर भेग म्हणतोस. मला तसलं माणूस लागेल आता."

सोमवारी पावणेदहाला धाकटी बसथांब्यावर होती. हॉलच्या किल्ल्या पोस्टमनकडे दिल्या होत्या. तळहात साबणाने दोनदा धुतला तरी रेषांमधला निळा गेला नव्हता. भाचा अक्काच्या पेट्या चढवत होता. अक्का खिडकीशी बसली, पर्स मांडीवर, गळ्यात ती लाल दोरी, आता कशाचीच नसलेली.

"तिकिटं कुणाकडे आहेत?" अक्काने विचारलं.

"माझ्याकडे, आई."

भाचा आईशेजारी येऊन बसला आणि ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. बस थरथरली, छापखान्याच्या मशीनमुळे टेबलं थरथरायची तशी. अक्काने पर्स उघडली, आत बघितलं, मिटली.

"तिकिटं कुणाकडे आहेत?"

भाचा पुन्हा तेच सांगणार होता, त्याच गोड आवाजात, पहिल्यांदाच विचारल्यासारखं. धाकटी खाली रस्त्यावर उभी होती. तिने खिडकीच्या गजाला धरलं.

"त्याच्याकडे," ती म्हणाली. "दोनदा विचारलंस, अक्का."

भाच्याने रागाने तिच्याकडे पाहिलं. अक्काने मात्र मान डोलावली, बॉल नीट लागल्यावर डोलवायची तशी, आणि मुलाच्या गुडघ्यावर थाप मारली.

"ऐकलंस? असं सांगायचं. शिकून घे हिच्याकडून."

बस निघाली. धाकटीचा हात गजावरून सुटला तेव्हा तिथे निळं काही लागलं नव्हतं.